सांगायचं कुणाला?

लखनौच्या गोमतीनगर भागातल्या एका मोठ्या चौकाला शहरातले लोक ‘दस नब्बे चौराहा’ म्हणतात. १०९० हा उत्तर प्रदेश पोलिसांच्या ‘विमेन पॉवर लाइन’चा क्रमांक. नोव्हेंबर २०१२ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि तिच्या कार्यालयामुळे चौकाचं नाव पडलं. संध्याकाळी इथे कॉलेजातली आणि शाळेतली पोरंपोरी जमतात, खातात-पितात, सेल्फी काढतात, स्कूटीवर बसून तासन्‌तास गप्पा मारतात. आपण ज्या चौकात भेटतो त्याचं नाव म्हणजे तक्रार करायचा नंबर आहे, याचं त्यांना काही वाटत नसावं.

या सेवेची आखणी डोळसपणे केलेली होती. फोन महिला पोलिसच घेणार, तक्रारदार मुलीचं नाव गुप्त राहणार, तिला ठाण्यात यावं लागणार नाही आणि त्रास थांबेपर्यंत तिच्याशी संपर्क ठेवला जाणार. समोरच्याला आधी फोनवरून समज द्यायची, मग त्याच्या घरी कळवायचं, तरीही ऐकलं नाही तर कारवाई करायची, असा क्रम ठरलेला. अनोळखी नंबरांवरून येणारे घाणेरडे फोन आणि मेसेज यांनी हैराण झालेल्या बायकांना त्याचा उपयोग झाला. पुढे शाळा-कॉलेजांतल्या मुलींना ‘पॉवर एंजल’ म्हणून ओळखपत्रंही देण्यात आली.

पण त्रास देणारा अनोळखी नसेल तर? समजा तो कोचिंग क्लासात मागच्या बाकावर बसतो. त्याला नंबर तिनेच दिलाय, फोटोही तिनेच पाठवलेत. आता तो फोनचा पासवर्ड मागतो, ऑनलाइन असून उत्तर का दिलं नाहीस म्हणून दटावतो, बोलणं बंद केलंस तर नस कापून घेईन किंवा स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवीन म्हणतो. एखाद्या दिवशी हात पिरगाळतो. ती आठवीत आहे. १०९० ला फोन केला तर त्याच्या घरी कळणार आणि तिथून तिच्या घरी कळायला वेळ लागणार नाही. मग शाळा बंद, फोन जप्त आणि कदाचित स्थळं बघायला सुरुवात. तक्रार करण्याची शिक्षा तक्रारदारालाच होणार, हे चौदा वर्षांच्या मुलीलाही नेमकं कळतं. त्यामुळे ती गप्प बसते.

हा प्रश्न किती मोठा आहे याचा जागतिक अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये मांडला. जोडीदार असलेल्या किंवा राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९० लाख मुलींनी, जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. आपल्याकडची राष्ट्रीय आकडेवारी मुख्यतः लग्न झालेल्या बायकांविषयी बोलते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशातल्या ३४.८ टक्के आणि महाराष्ट्रातल्या २५.२ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तेवढ्यावरून मराठी वाचकाने हायसं वाटून घेऊ नये. २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण उत्तर प्रदेशात १५.८ टक्के होतं आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. ‘जोडीदार’ या माणसाशी कोवळ्या वयात गाठ पडण्याची शक्यता आपल्याकडे जास्त आहे, फक्त ती बऱ्याचदा मांडवात पडते.

लग्नाआधीच्या नात्यांबद्दल मात्र शाळांत, घरांत एक ठरलेली समजूत आहे: आमच्याकडे असलं काही नसतं. असलंच तर ते ‘प्रकरण’ किंवा ‘लफडं’. लखनौत ‘चक्कर’. नातं कबूलच केलं नाही, तर त्यातल्या मारहाणीबद्दल बोलणार कसं?

मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात नवं सरकार आलं आणि ‘अँटी-रोमिओ’ पथकं रस्त्यावर उतरली. मुलींच्या शाळा-कॉलेजांबाहेर उभ्या राहणाऱ्या टोळक्यांना हटवणं हा घोषित हेतू. छेडछाडीला कंटाळलेल्या अनेक पालकांनी आणि मुलींनी त्याचं स्वागतही केलं. पण बागेत गप्पा मारणारी जोडपीही पथकांच्या तावडीत सापडू लागली. शाहजहाँपूरमध्ये एका तरुणाचं भर रस्त्यात मुंडन होत असताना पोलीस बघत उभे राहिले आणि त्यांच्यावर निलंबनाची कारवाई करावी लागली. शाळकरी मुलांनी यातून एवढंच घेतलं असणार की पोलिसांच्या लेखी मुलगा-मुलगी एकत्र दिसणं हीच भानगड. प्रेमाने वागणारा मुलगा आणि धमकावणारा मुलगा यांत फरक करायला कोणतंही पथक शिकवू शकत नाही. ते काम गस्तीचं नाहीच.

याच लखनौत मात्र एक दुसरी वाटही बरीच आधी मळलेली आहे. उर्वशी साहनी यांनी १९८६ मध्ये ‘स्टडी हॉल’ ही शाळा काढली. २००३ मध्ये त्याच इमारतीत दुपारच्या वेळी ‘प्रेरणा’ ही मुलींची शाळा सुरू झाली. आसपासच्या वस्त्यांतल्या मुली इथे येतात. त्यांतल्या अनेक जणी सकाळी घरकामं करून मग वर्गात बसतात. गणित-विज्ञानाबरोबर या शाळेच्या वेळापत्रकात संवादाचा तास असतो. मुली गोलात बसतात आणि आपल्या आयुष्याविषयी बोलतात: दारू पिऊन मारणारा बाप, लवकर ठरलेलं लग्न, रस्त्यावरची छेड, भावाला मिळणारी आणि आपल्याला न मिळणारी मोकळीक. तेच विषय नाटकात येतात. ब्राझीलच्या पावलो फ्रेरे यांच्या शिक्षणविचाराचा हा लखनवी अवतार. साहनींनी २०१७ च्या ‘रीचिंग फॉर द स्काय’ या पुस्तकात त्याची कहाणी लिहिली आहे. ‘आरोहिणी’ या नावाने ही पद्धत पुढे राज्यातल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांच्या शिक्षिकांपर्यंत नेण्यात आली आणि संस्थेने मुलांसाठीही अशीच शाळा काढून त्यांच्याशीही हाच संवाद सुरू केला.

पुरुषांशी बोलण्याची परंपराही या शहरात आहे. लखनौच्या ‘सहयोग’ संस्थेच्या पुढाकाराने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मासवा’ हे स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या पुरुषांचं जाळं तयार झालं. महाराष्ट्रातलं त्याचं भावंड त्याहून थोरलं: हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून मुंबईत काम करते आहे आणि २००६ पासून तिचा ‘युवा मैत्री’ उपक्रम कॉलेजातल्या तरुणांशी पौरुष, नाती आणि हिंसा यांवर बोलतो आहे. दोन्ही ठिकाणी भर आहे तो मुख्यतः कॉलेजच्या आणि त्यापुढच्या वयावर. आठवीतला मुलगा त्याआधी चार-पाच वर्षं सिनेमा, रील्स आणि गल्लीतल्या दादांकडून शिकून बसलेला असतो.

शाळकरी वयाला हात घालणारा मोठा प्रयोग मुंबईत झाला. २००८ मध्ये आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था, ‘कोरो’ ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या ४५ शाळांत ‘जेम्स’ हा कार्यक्रम आखला. वय १२ ते १४, वर्ग सहावी-सातवी. एका तृतीयांश शाळांत गटचर्चा आणि शाळाभर मोहीम, दुसऱ्या तृतीयांशात फक्त मोहीम आणि उरलेल्यांत काहीच नाही, अशी तुलना होती. घरातली कामं कुणी करायची, चिडवणं आणि त्रास देणं यांत फरक काय, मारणं हाच मार्ग का वाटतो, यावर मुलं-मुली बोलली. डायऱ्या भरल्या. गटचर्चा झालेल्या शाळांत विचार अधिक बदललेले दिसले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने त्यातला आशय ‘मीना राजू मंच’मधून सुमारे २५,००० शाळांपर्यंत नेण्याचं ठरवलं. उत्तर प्रदेशातल्या उच्च प्राथमिक शाळांतही ‘मीना मंच’ आहेत. युनिसेफच्या कार्टूनमधली मीना दोन्ही राज्यांत पोचली. महाराष्ट्राने तिच्या भावालाही मंचावर बसवलं, ही चांगली गोष्ट झाली.

विचार बदलले म्हणजे वागणं बदलतं का? इथे पुरावा सावधपणे वाचावा लागतो. हरियाणात ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने ३१४ सरकारी शाळांच्या पाहणीत सातवी-आठवीपासून सुमारे अडीच वर्षं, दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटांचा एक तास घेतला. डायवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलामुलींची मतं समानतेकडे सरकली आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही तो बदल टिकून होता. वागण्यातला फरक मात्र मुलांमध्ये जास्त दिसला. मुलींची मतं बदलली तरी घरच्यांच्या परवानगीशिवाय त्यांना फारसं काही करता येत नव्हतं. म्हणजे फक्त मुलींचे गट काढून थांबणं ही अर्धीच तयारी ठरते.

दुसरा धडा बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातून येतो, आणि तो शाळाचालकांना अडचणीत टाकणारा आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या ‘सेहर’ प्रयोगात ७४ शाळांची तुलना झाली. काही शाळांत खास नेमलेला स्थानिक समुपदेशक काम करत होता. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा तरुण किंवा तरुणी. काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे होतं. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, स्पर्धा, नववीसाठी गटचर्चा, गरजू मुलांशी एकट्याने बोलणं, हे सगळं दोन्हीकडे सारखं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष मात्र अजिबात सारखे नव्हते. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, हिंसा करणं आणि सोसणं दोन्ही घटलं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत दखल घ्यावा असा फरक पडला नाही.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. जो शिक्षक निकालपत्रावर सही करतो, छडी उगारतो, पालकसभेत बाबांशी बोलतो आणि संध्याकाळी त्यांच्याच गल्लीत राहतो, त्याच्यापाशी मूल काय उघड करणार? शिवाय अभ्यासक्रम, जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांतून उरलेल्या वेळात हे काम त्याने करायचं. ‘आयुष्मान भारत’खाली २०२० पासून शाळाशाळांत दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ करण्याची योजना आहे आणि तिच्या अकरा विषयांत परस्परसंबंध, लिंगभाव समानता, हिंसेपासून सुरक्षितता हेही आहेत. विषय योग्य आहेत. माणूस तोच आहे.

परदेशातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस शाळेच्या समुपदेशकांनी मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आश्रयकेंद्राकडे मदत मागितली, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या मुलींना त्यांचे मित्रच मारत होते. त्यातून ‘एक्स्पेक्ट रिस्पेक्ट’ हे आधारगट उभे राहिले. ज्यांनी घरात किंवा नात्यात हिंसा पाहिली-सोसली आहे अशा मुलामुलींचे वेगवेगळे गट, २४ बैठका, शाळेच्या वेळेतच, आणि चालवणारा माणूस शाळेबाहेरच्या संस्थेचा. नॉर्थ कॅरोलिनातला ‘सेफ डेट्स’ हा दहा तासांचा कार्यक्रम १९९० च्या दशकात १४ शाळांत तपासला गेला आणि चार वर्षांनंतरही त्यातल्या मुलांत मारहाण कमी आढळली. कॅनडातल्या ‘फोर्थ आर’ने नववीच्या आरोग्याच्या तासातच २१ धडे बसवले. अडीच वर्षांनी जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या शाळांत ९.८ टक्के, तर या शाळांत ७.४ टक्के होतं. घट दिसते ती अशी थोडीथोडी. तिला चमत्कार म्हणता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही.

न्यूयॉर्कच्या ३० शाळांतल्या ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ची एक युक्ती लखनौपासून लातूरपर्यंत कुठेही चालेल. मुलांना शाळेचा नकाशा दिला आणि कुठे असुरक्षित वाटतं ते रंगवायला सांगितलं. जिन्याखाली, स्वच्छतागृहाकडच्या बोळात, मैदानाच्या कोपऱ्यात. तिथे मोठ्या माणसांची ये-जा वाढवली. नुसत्या वर्गातल्या धड्यांपेक्षा इमारतीतल्या या बदलाने जास्त काम केलं. नकाशात नाव कुणाचंच नसतं, त्यामुळे तो भरायला कुणी घाबरत नाही.

असं नाव न घेता बोलता न येणं हाच भारतातला खरा अडसर आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय अठरा केलं. त्याखालच्या मुलामुलींत दोघांच्या मर्जीने झालेला लैंगिक स्पर्शही कायद्याच्या लेखी गुन्हा. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची, आणि कलम २१ प्रमाणे न दिल्यास शिक्षा. हा कायदा लहान मुलांवरचे अत्याचार दडपणाऱ्यांसाठी होता आणि तिथे तो हवाच. पण आधारगटात एखादी पंधरा वर्षांची मुलगी बोलू लागली की चालवणाऱ्या ताईपुढे पेच उभा राहतो: ऐकावं की थांबवावं? बंगळुरूच्या ‘एन्फोल्ड’ संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या विशेष न्यायालयांचे २०१६ ते २०२० मधले ७,०६४ निकाल तपासले. त्यांतले १,७१५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांचे निघाले. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात वय खाली आणायला नकार दिला. सोळा ते अठरा वयातल्या मर्जीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरू द्यावं, इतकंच सुचवलं. लखनौतच १९९८ पासून काम करणारी ‘आली’ ही कायदेविषयक संस्था आपल्या पसंतीने जोडीदार निवडणाऱ्या मुलींच्या बाजूने उभी राहते. घरच्यांनी दाखल केलेल्या तक्रारी कशा वापरल्या जातात, हे तिला रोज दिसतं.

महाराष्ट्राची परिस्थिती फार वेगळी नाही. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाविरुद्ध गदारोळ झाला, तेव्हा तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना वर्गात घुसून एका मुलीला जाळण्यात आलं. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द त्यानंतर मराठी वर्तमानपत्रांतून हटलाच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला जाळलं गेलं, आणि काही दिवसांत अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे इथे विद्यार्थिनींना ‘प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही’ अशी शपथ देण्यात आली. जळणाऱ्या बाजूकडूनच हमी घेतली गेली. टीका झाली, बातमी विरली. मार्च २०२२ मध्ये शासनाने प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ सक्तीची केली. तिच्या रचनेत समुपदेशक, अंगणवाडीसेविका, पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधीही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीला आली, तेव्हा अनेक शाळांत ही समिती कागदावरच असल्याचं किंवा कागदावरही नसल्याचं दिसून आलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच एका अल्पवयीन मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लैंगिक शिक्षण नववीपासून सुरू करणं उशिराचं आहे, ते आणखी लहान वयात यायला हवं. न्यायालयासमोरचा आरोपीही शाळकरी वयाचाच होता, हे विसरून चालणार नाही. आधारगटांत मारणारा मुलगाही यायला हवा, तो यासाठीच. त्याला ‘समज’ देऊन घरी पाठवलं तर तिथे बहुधा बापाचा मार मिळतो आणि हात उगारण्याचा धडा पक्का होतो.

मग लखनौतल्या किंवा नागपुरातल्या शाळेने उद्या काय करावं? उपलब्ध पुराव्यावरून चार गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. गट मुलींचे आणि मुलांचे दोन्ही हवेत, आधी वेगळे आणि मग अधूनमधून एकत्र. चालवणारी व्यक्ती गुण देणारी नसावी. दोन-तीन शाळांमागे एक प्रशिक्षित स्थानिक तरुणी-तरुण पुरे. पहिल्याच बैठकीत नियम सरळ सांगावा: इथलं बोलणं इथेच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मोठ्या माणसाकडून अत्याचार होत असेल तर आम्ही पुढे जाणार आणि आधी तुला सांगून जाणार. लैंगिक बाबतीत कायदा आम्हाला गप्प राहू देत नाही, हेही लपवू नये. बाकी चर्चा ‘एक मुलगी आहे, तिचा मित्र रोज तिचा फोन तपासतो’ अशा गोष्टींवर चालावी. गोष्टीतल्या मुलीला काय सल्ला द्यायचा यावर वर्ग भांडतो, आणि जिला तो हवा असतो तिला तो मिळतो. चौथी गोष्ट सातत्याची. महिला दिनाचं एक व्याख्यान, पोलिसांच्या दामिनी पथकाचं एक प्रात्यक्षिक आणि शपथ यांनी काही होत नाही. हरियाणाला अडीच वर्षं लागली, ऑस्टिनला २४ बैठका.

यासाठी नवी योजना काढायची गरज दोन्ही राज्यांत नाही. उत्तर प्रदेशात ऑक्टोबर २०२० पासून ‘मिशन शक्ती’ ही महिला सुरक्षेची मोहीम आहे, मीना मंच आहेत आणि प्रेरणासारख्या शाळेचा वीस वर्षांहून जास्त अनुभव हाताशी आहे. महाराष्ट्रात मीना राजू मंच आणि सखी सावित्री समिती आहे. कमी आहे ती पगारी माणसाची आणि आठवड्यातल्या एका तासाची. उत्तर प्रदेशात शाळेचं नवं सत्र एप्रिलमध्ये उघडतं, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला आणि विदर्भात जूनअखेर. आठवीच्या वेळापत्रकात तो तास बसवायचा की नाही आणि तो कुणाच्या नावावर लिहायचा, हे मुख्याध्यापक त्याआधीच्या पंधरवड्यात ठरवतात.